साडेपाच एमबी

कॅनॉट ॲलोकेट व्हेक्टर ऑफ साइझ ५.५ एमबी.

लाल अक्षरांतली एवढी एकच ओळ. साडेपाच एमबीची वस्तू ठेवायला जागा नाही, असं आर नावाचं माझं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर म्हणत होतं. लॅपटॉपमध्ये रॅम आठ जीबी. मावसभावाच्या साखरपुड्यात मी मोबाइलवर काढलेला एकेक फोटो साडेपाच एमबीच्या आगेमागे आहे, आणि असे दोनशे फोटो याच लॅपटॉपवर मुकाट पडून आहेत. डिस्कवरची जागा वेगळी आणि रॅम वेगळी हे मला कळतं, पण रागात असलं काही आठवत नाही. मी तीच आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा तेच. क्रोम बंद केलं, व्हॉट्सॲप बंद केलं, बाबा ऐकत होते ते नाट्यसंगीतही बंद केलं (त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही) आणि तिसऱ्यांदा प्रयत्न केला. साडेपाच एमबी.

काम साधं होतं. मी एका लहानशा संस्थेसाठी आकड्यांचं काम करते, म्हणजे तक्ते करून देते. संस्थेच्या ताईंना महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंबद्दल काही तक्ते हवे होते. आईचं शिक्षण, गाव की शहर, दोन बाळंतपणांमधलं अंतर, असं सगळं उलगडून. त्यासाठी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ फाईल घेतली होती. हे सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलं, ६,३६,६९९ घरांत माणसं गेली आणि १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ बायकांशी बोलली. एका बाईची एक ओळ. नोंदणी करून, फाईल कशासाठी हवी ते लिहून दिलं आणि ती फुकट मिळाली.

सॉफ्टवेअरही फुकटच. विकतच्या पॅकेजचं वर्षाचं भाडं संस्थेला परवडणारं नव्हतं, आणि ‘फुकट ते पौष्टिक’ हे तर आमचं कॉलेजपासूनचं ब्रीद. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकात आर लिहायला घेतलं. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, आणि त्याआधी बेल लॅबमध्ये तयार झालेल्या भाषेचं नाव एस, म्हणून हे आर. १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. वाढदिवस चार वर्षांनी येणारं सॉफ्टवेअर. ते उघडलं की दर वेळी सुरुवातीलाच सांगतं की हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि याला कसलीही हमी नाही. ‘कसलीही नाही’ हे शब्द मोठ्या अक्षरांत. मी कित्येक वर्षं ती ओळ वाचलेलीच नव्हती.

पहिले तीन दिवस मी इतरांचे सल्ले ऐकण्यात घालवले. शेजारचा मुलगा इंजिनीअर, तो म्हणाला रॅम वाढव. एक जुनी सूचना सगळीकडे सापडते की आरला मेमरीची मर्यादा वाढवून द्या, त्यासाठी अमुक आज्ञा आहे. ती दिली, तर ती आता चालतच नाही असं उत्तर आलं. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून ती नुसती नावाला उरली आहे. सल्ला मात्र अजून हिंडतोय, जुन्या पत्त्यावर येत राहणाऱ्या लग्नपत्रिकेसारखा.

चौथा दिवस सगळ्यात वाईट. आदल्या रात्री मी फाईलच्या पहिल्या एक लाख ओळी तरी वाचून घेतल्या होत्या, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा फिरत होता, आणि झोपायला जाताना आरने विचारलं की चाललेलं काम साठवून ठेवू का. मी हो म्हटलं. कुणीही हो म्हणेल. सकाळी आर उघडेचना. नुसतं फिरत राहिलेलं वर्तुळ. दोनदा लॅपटॉप बंद-चालू केला, आर काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. दुपारी जेवताना डोक्यात आलं की ‘हो’ म्हणजे काय झालं असेल? कामाच्या फोल्डरमध्ये पाहिलं, तर टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक फाईल, अजस्र. आर रोज सकाळी उठून इमाने इतबारे कालचा तो सगळा डोंगर आधी रॅममध्ये चढवत होतं आणि मगच मला दार उघडणार होतं. ती फाईल उडवली, दोन सेकंदांत उघडलं. तेव्हापासून त्या प्रश्नाला माझं उत्तर कायम नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो प्रश्नच बंद करून टाकलाय.

त्याच संध्याकाळी, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, कॅल्क्युलेटरवर ७,२४,११५ गुणिले ८ केलं. आर साधा आकडा ठेवायला आठ बाइट घेतं एवढं माहीत होतं. उत्तर ५७,९२,९२०. त्याला १०२४ ने दोनदा भागलं. ५.५.

म्हणजे साडेपाच एमबी हा एका रकान्याचा आकार होता. एका प्रश्नाची सव्वासात लाख उत्तरं. संपूर्ण फाईलला किती जागा कमी पडते ते संदेश सांगतच नव्हता. साताऱ्याहून पाटणला जाणाऱ्या शेवटच्या एसटीत कंडक्टर दारातल्या सडपातळ पोराला जागा नाही म्हणून सांगतो, तेव्हा भांडण त्या पोराच्या अंगाशी नसतं. आत सत्तर माणसं उभी असतात. मी चार दिवस त्या पोराचं वजन मोजत बसले होते.

मग आत कोण आहे? हजार रकाने धरले तर ५.४ जीबी होतात, आणि या फाईलमध्ये रकाने काही हजार आहेत. तरी फाईल डिस्कवर एवढी मोठी दिसत नाही, कारण ती स्टाटा या दुसऱ्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीने साठवलेली असते. हो-नाही एवढंच उत्तर असेल तर तिथे त्याला एक बाइट मिळतो. आरमध्ये ती फाईल वाचायला हेवन नावाचं पॅकेज आहे, ते सगळ्या आकड्यांना एकाच मापाने मोजतं आणि प्रत्येकाला आठ बाइट देतं. आमच्याकडच्या जुन्या मापांत सांगायचं तर चिपटंभर हळदीला अर्धी पायली. फाईल वाचता वाचता आठपट फुगते ती अशी.

आणि पुष्कळ पायल्या तर रिकाम्याच. हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले. फाईलमध्ये प्रत्येक बाईच्या ओळीत तिच्या बाळंतपणांची जागा आहे, आणि ती वीस मुलांची आहे. मूल कोणत्या महिन्यात झालं याचे वीस रकाने, मुलगा की मुलगी याचे वीस, आज जिवंत आहे का याचे वीस, नसेल तर किती वयाचं होऊन गेलं याचे वीस. दोन मुलं असणाऱ्या बाईचे त्यातले अठरा रिकामे. आर रिकाम्या जागी एनए लिहितं, आणि एनएलाही तेच आठ बाइट लागतात. न झालेली मुलं माझी रॅम खात होती.

उपाय इतका सोपा होता की लिहायला लाज वाटते. फाईल वाचतानाच सांगायचं की एवढेच रकाने दे. पण कोणते? त्यासाठी शून्य ओळी वाचायला सांगितल्या. तसं करता येतं, नुसती रकान्यांची नावं आणि त्यांची वर्णनं येतात. ती छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन गॅलरीत बसले. या कामात खरी अक्कल लागली असेल तर ती इथे. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून मी एरवी काही सोडत नाही, घरात दह्याचे डबेसुद्धा साठवते. आता प्रत्येक खुणेला साडेपाच एमबी मोजायचे होते. चुलीचा प्रकार हवा का? नको. घरात टीव्ही? नको. नवऱ्याचं शिक्षण? खूण केली, खोडली, पुन्हा केली. शेवटी निरनिराळे चाळीस प्रश्न उरले. सगळ्या देशाच्या बायकांचे ते चाळीस रकाने २२१ एमबीत बसतात. नुसत्या महाराष्ट्राच्या ३३,७५५ ओळी ठेवल्या तर ११ एमबीत. साखरपुड्याचे दोन फोटो. मुलांचे प्रश्न वीस-वीस रकान्यांचे, म्हणून प्रत्यक्षात ते याच्या कित्येक पट झाले, पण तेवढं लॅपटॉपने कुरकुर न करता घेतलं.

आधी हजार ओळींवर सगळं चालवून पाहिलं. शितावरून भात. भात शिजलेला वाटला, म्हणून शिक्षणाचा तक्ता काढला तर काहीतरी विचित्र. पाहिलं तर त्या हजार ओळींत एकच राज्य होतं. फाईल राज्यवार लावलेली, आणि मी शित पातेल्याच्या कडेचंच उचललेलं. मग हजार ओळी मधूनमधून उचलायला शिकले.

आता खरी चूक सांगते. ती माझीच, आणि ती काटकसरीतून झाली.

बाईच्या ओळीऐवजी मुलाची ओळ हवी होती, म्हणजे वीस आडवे रकाने उभे करायचे. ताईंना तुलनेसाठी सगळा देशही हवा होता. सव्वासात लाख गुणिले वीस, जवळजवळ दीड कोट ओळी. आरची सवय अशी की वस्तूत बदल करायचा तर बहुतेक वेळा आधी तिची नक्कल करतं, त्यामुळे लॅपटॉप पुन्हा धापा टाकू लागला. मी हुशारी केली. सगळे आकडे पूर्णांक करून टाकले. पूर्णांकाला चार बाइट, म्हणजे निम्मी जागा वाचली. मग सवयीप्रमाणे एक ताळा करायचा होता. या सर्वेक्षणात प्रत्येक बाईला एक भार दिलेला असतो, कारण लहान राज्यांतून आणि मोठ्या राज्यांतून सारख्या प्रमाणात बायका निवडलेल्या नसतात. भार दशांशात असतो, पण फाईलमध्ये दहा लाखांनी गुणून ठेवतात. सगळ्या भारांची बेरीज करून दहा लाखांनी भागलं की ७,२४,११५ यायला हवं.

आलं एनए.

आरमध्ये बेरजेत एक जरी जागा रिकामी असली तरी सगळी बेरीज एनए येते. कायदा चांगला आहे, पण त्याचा राग फार येतो. मला वाटलं कुठेतरी भार रिकामा असणार. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी जे करू नये ते केलं. सबंध तक्त्यात जिथे जिथे एनए असेल तिथे शून्य भरून टाकलं. बेरीज तरीही एनएच. लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की उत्तर आधीपासून माहीत आहे असं एक कुटुंब घेऊ आणि त्याच्यावर कोड तपासू. कुणाला मदत मागायची झाली तरी लोक हेच सांगतात, छोटं उदाहरण करून दाखवा. असं उदाहरण करता करताच अर्ध्या वेळा चूक सापडते. मला माहीत असलेलं मोठं कुटुंब एकच, आजीचं. आजी पाटण तालुक्यातली, गेली त्याला नऊ वर्षं झाली. किती मुलं विचारलं की ती म्हणायची पाच. बाबाही पाच भावंडं म्हणतात. मी बाबांना म्हटलं, सगळ्यांचे जन्म सांगा.

“थोरल्यापासून सांगू?”

“नाही, धाकट्यापासून.” फाईलमध्ये तसंच असतं, पहिल्या रकान्यात शेवटचं मूल. हे कळायच्या आधी मी दोन दिवस शेंडेफळांना ज्येष्ठ समजून तक्ते केले होते.

बाबांकडे तारखा नव्हत्या, खुणा होत्या. मोठी आत्या पानशेत फुटलं त्या महिन्यातली. स्वतः बाबा भूकंपानंतर दोन महिन्यांनी. “आई सांगायची, घर हललं तेव्हा तू पोटात होतास, पहाटेची वेळ, ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. सर्वेक्षणातही जन्माची तारीख एका विचित्र खुणेने लिहितात. जानेवारी १९०० हा पहिला महिना धरायचा आणि तिथून महिने मोजत यायचं. भूकंप ८१६. बाबा ८१८. मोठ्या आत्याचं पानशेत, जुलै १९६१, म्हणजे ७३९. बाबांना हे फार आवडलं. त्यांनी स्वतःच्या लग्नाचाही आकडा काढायला लावला.

पाच झाली. मग मी प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न विचारला. तिथे तो असाच लिहिलेला असतो. जिवंत जन्मलं आणि नंतर गेलं असं एखादं मूल होतं का? बाई नाही म्हणाली तरी पुन्हा विचारायचं, जन्मल्यावर रडलं किंवा जरा हालचाल केली पण जगलं नाही, असं एखादं?

बाबा जरा थांबले. म्हणाले, “दोन होती की.”

एक मुलगा दीड वर्षाचा होऊन गोवराने गेला. त्याचं नाव त्यांना माहीत होतं. एक मुलगी बहात्तरच्या दुष्काळात, श्रावणात झाली होती. ती किती दिवसांची होती ते त्यांना नीट सांगता येईना. मी तूर्त एका महिन्याच्या आतली एवढंच लिहिलं, म्हणजे महिन्यांच्या रकान्यात शून्य. सात मुलं, तेरा रिकाम्या जागा. आजीची ओळ तयार झाली. ती कालच्या कोडमधून काढली.

उत्तर आलं: गेलेली मुलं २०. त्यातली पहिल्या महिन्याच्या आत गेलेली १९. जिवंत ०.

बाहेरच्या खोलीत बाबा पेपरची घडी घालत होते. कोडच्या मते ते फेब्रुवारी १९६८ मध्येच गेलेले. दोन्ही आत्या, दोन्ही काका तसेच. आणि जी तेरा कधी जन्मलीच नाहीत तीही जन्मून महिन्याच्या आत गेलेली.

‘किती महिन्यांचं होऊन गेलं’ या रकान्यात शून्याला अर्थ आहे. शून्य म्हणजे महिना पुरा व्हायच्या आत. आणि एनए म्हणजे हा प्रश्न इथे लागूच नाही, मूल खेळतंय, किंवा मूलच नाही. रात्री साडेअकराला मी एका ओळीत देशातल्या सगळ्या जिवंत मुलांना मारून टाकलं होतं. पूर्ण देशाचा तक्ता काढला असता तर आकडा इतका भयंकर आला असता की चूक लपली नसती. पण लसीकरण, प्रसूती कुठे झाली, वजन केलं का, अशा इतर रकान्यांतही मी शून्यं भरली होती. तिथे शून्याचा अर्थ नुसता ‘नाही’, आणि आकडे जरासेच खाली आले असते. ते कुणाला दिसलं नसतं. ताईंनाही नाही, मलाही नाही.

मग आदल्या रात्रीचा मूळ एनए कुठून आला होता? त्याच्याखाली एक सूचना होती. चूक नव्हे, सूचना, आणि अशा सूचनांचा ढीग मी रोज न वाचता पुढे सरकवते. इंटिजर ओव्हरफ्लो. आरच्या पूर्णांकाला छप्पर आहे, २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटींच्या वर तो जात नाही. माझी भारांची बेरीज जायची होती बहात्तर हजार कोटींच्या पुढे. एकही भार रिकामा नव्हता. मीच निम्मी जागा वाचवायला आकडे पूर्णांक केले, मीच छप्पर ठेंगणं केलं, आणि बेरीज डोकं आपटून पडली तेव्हा दोष रिकाम्या जागांना दिला. आधी दहा लाखांनी भागून मग बेरीज केली. ७,२४,११५.

हल्ली कुणी विचारलं तर मी सांगते की एवढ्या मोठ्या फाईलसाठी पार्के म्हणून साठवण्याची पद्धत आहे, डकडीबी आहे, ती सगळा डोंगर रॅममध्ये न आणता डिस्कवरूनच हवं ते काढून देतात, आरमधूनच चालतात, आणि तीही फुकट आहेत. मी आता तेच वापरते. त्या आठवड्यात माहीत असतं तर चार दिवस वाचले असते हे खरं आहे. आजीची ओळ मात्र कोडच्या सुरुवातीला अजून तशीच आहे. प्रत्येक नवीन तक्त्याआधी कोड आधी तिच्यावर चालतो: जिवंत ५, गेलेली २. मगच पुढे जातो.

त्या ओळीत एक जागा बरेच दिवस अपुरी होती. महिन्यांच्या शून्याखेरीज आणखी एक रकाना असतो, मूल नेमकं किती दिवसांचं होऊन गेलं त्याचा. दिवाळीत मोठी आत्या आली तेव्हा तिला विचारलं. ती बेसन भाजत होती. तिला तेव्हा बारावं लागलेलं, सगळं आठवत होतं.

“नऊ दिवसांची,” ती म्हणाली. “बाराव्याला बारसं करायचं होतं.”

“नाव ठरवलं होतं?”

“आईने कुणाला सांगितलं नाही.”

मी उठून लॅपटॉप उघडला. त्या रकान्यात दिवस लिहायचे असतील तर आधी एक हा आकडा घालतात आणि पुढे दिवस. नावाचा रकाना फाईलमध्ये नाहीच. जन्म ८७२, ऑगस्ट १९७२. मुलगी. जिवंत नाही. वय १०९.

आत्याने आतून विचारलं, वेलदोडे कुठे ठेवलेत.